४३ मिलिमीटर

गाडी मागून बसली आहे, हे मला प्रथम समोरून येणाऱ्या अनोळखी लोकांनी सांगितले. रात्रीच्या रस्त्यावर माझे दिवे खाली केलेले असतानाही समोरचा चालक आपले दिवे वर-खाली करून मला दटावत असे, आणि मी मनातल्या मनात त्यालाच उतावळा ठरवून पुढे जात असे. एका आठवड्यात असे पाच-सहा वेळा घडल्यावर मी दिव्यांमागचे स्क्रू फिरवून झोत खाली आणला आणि प्रश्न मिटला असे समजलो. माझी पहिली दुरुस्ती ती. दुखणे मागच्या चाकांना जोडणाऱ्या अ‍ॅक्सलवर होते आणि मलम मी पुढच्या दिव्यांना लावून मोकळा झालो होतो.

गाडी २५ वर्षांची आहे, चारही चाकांना जोर देणारी आहे, आणि आधीच्या मालकाने ती सुमारे ५० मिलिमीटर उचलून घेतलेली आहे. मागे पाट्यांची कमान आहे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. उचललेल्या गाडीची गंमत अशी की ती बसली तरी शेजारी उभ्या असलेल्या गाडीपेक्षा उंचच दिसते. साध्या उंचीची गाडी मागून दबली की लगेच नजरेत भरते आणि चाक मडगार्डमध्ये शिरल्यासारखे वाटते. माझ्या गाडीच्या चाकावर मात्र अजूनही पंजा सहज आत जाईल एवढी जागा होती, आणि त्या जागेकडे पाहून मी निश्चिंत होतो. ती जागा पूर्वी किती होती, हे मी कधी मोजलेच नव्हते.

मोजायला बसलो तेव्हा पहिला धडा मोजण्याचाच मिळाला. जमिनीपासून मडगार्डपर्यंतचे अंतर घेण्यात अर्थ नसतो, कारण त्यात टायरची झीज आणि हवेचा दाब मिसळलेला असतो. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे लागते. ते फक्त स्प्रिंगचे असते. गाडी सपाट फरशीवर हवी, हातब्रेक सुटलेला हवा, चाकांना ठोकळे लावलेले हवेत, आणि मोजण्याआधी गाडी मागून दोन-तीनदा दाबून सोडलेली हवी, कारण पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणाने गाडी कधी थोडी वर, कधी थोडी खाली अडकून राहते. हे सगळे करून आकडे आले ते असे: डावीकडे ५०५ मिलिमीटर, उजवीकडे ५१९. जुन्या मालकाने पाट्यांसोबत आलेला कागद कागदपत्रांच्या पाकिटात जपून ठेवला होता. त्यावर बसवल्यानंतरची अपेक्षित उंची ५५५ लिहिलेली होती. म्हणजे दोन्ही बाजूंची सरासरी काढली तर गाडी ४३ मिलिमीटर खाली होती. तिच्या उचललेपणातला बहुतेक भाग मागच्या बाजूने परत गेला होता, आणि पुढची बाजू तेवढी उंच राहिल्यामुळे गाडी नाक वर करून चालत होती.

दोन चाकांमध्ये अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीची शेपटी ४३ मिलिमीटर खाली गेली की संपूर्ण शरीर जवळजवळ एका अंशाने मागे कलते. एक अंश हा शब्द किरकोळ वाटतो. पण दिव्याचा झोत त्याच कोनाने वर उठतो, आणि २५ मीटर अंतरावर तो जिथे पडायचा त्याच्या ४३ सेंटिमीटर वर पडतो. तेवढ्यात समोरच्या माणसाचे डोळे येतात. मला दटावणारे ते सगळे चालक उतावळे नव्हते, हे मला त्या दिवशी फरशीवर गुडघे टेकून बसलेला असताना, त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा आठवत नसताना, कबूल करावे लागले.

गाडीखाली शिरल्यावर बाकीच्या खुणाही दिसल्या, आणि त्या कितीतरी दिवसांपासून तिथेच होत्या. अ‍ॅक्सल आणि त्याच्यावरचा धडक झेलणारा रबरी बम्प स्टॉप यांच्यात जिथे ८५ मिलिमीटर मोकळीक असायला हवी तिथे ४२ उरली होती. रबरावर धडकांचा चकचकीत ठसा उमटला होता. खड्ड्यात मागून येणारा जो घुमा आवाज मी सामानाचा समजत होतो तो याचा होता. पाट्याचे मागचे टोक चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारा हलता दुवा, शॅकल, जवळजवळ आडवा झाला होता, कारण कमान सपाट होते तेव्हा पाटा लांब होतो आणि ती लांबी शॅकलला मागे ढकलते. शॅकल पूर्ण आडवा झाला की पाट्याला आणखी लांब व्हायला वाव राहत नाही. मग स्प्रिंग वाकण्याऐवजी चॅसीलाच धक्के देऊ लागते.

तरीही मी नीट विचार करण्याआधी दोन चुका केल्या. पहिली म्हणजे शॉकअप बदलले. गाडी मागून डुलत होती, शॉकअप जुने होते, तेव्हा ते बदलणे चूक नव्हते. पण त्यांनी गाडी वर येईल ही माझी अपेक्षा चूक होती. शॉकअप वजन पेलत नाही. तो हालचालीला विरोध करतो, आणि गाडी स्थिर उभी असताना त्याला विरोध करायला काही नसतेच. गॅस भरलेला शॉकअप दांडा बाहेर ढकलतो हे खरे, पण ते बळ गाडीच्या वजनापुढे इतके लहान असते की उंचीत त्याची खूण क्वचितच दिसते. नव्या शॉकअपवर गाडी छान शांतपणे, ४३ मिलिमीटर खाली, चालू लागली.

दुसरी चूक महागात पडली. एका कार्यशाळेत मला सांगण्यात आले की एक जाड पाटा वाढवला की काम होते, आणि मला ते पटले, कारण ‘वाढवणे’ हा शब्द दुरुस्तीसारखा ऐकू येतो. दोन्ही बाजूंना एकेक आखूड, जाड आणि जवळजवळ सरळ पाटा घातला गेला. गाडी ३० मिलिमीटर वर आली. मी खूश झालो, आणि पहिल्याच खडबडीत रस्त्यावर माझी पाठ नाराज झाली. मोकळी गाडी मागून उसळत होती. पण खरे नुकसान आत चालले होते. पाटासंचाची रचना अशी असते की प्रत्येक खालचा पाटा वरच्यापेक्षा थोडा आखूड असतो, आणि वाक सगळ्या लांबीवर हळूहळू वाटला जातो. मध्येच एक आखूड, ताठ पाटा घुसवला की त्याच्या टोकापाशी वाक एकदम गोळा होतो. काही महिन्यांनी मी संच उघडला तेव्हा त्या पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यावर नखाला लागेल असा आडवा चर कोरला होता. स्प्रिंगच्या पोलादात तडा पुष्कळदा अशाच ओरखड्यापासून सुरू होतो. मी ते दोन्ही पाटे काढून टाकले आणि गाडी जिथे होती तिथे पुन्हा येऊन बसली.

त्यानंतर पाटे बांधण्याच्या कामात आयुष्य गेलेल्या एका वयस्क कारागिरांना मी ते संच दाखवले. त्यांनी पाट्यांकडे फारसे पाहिले नाही. “गाडीत कायम काय असतं?” एवढेच त्यांनी विचारले. मी म्हणालो, काही विशेष नाही, नेहमीचे सामान. “मग आधी ते नेहमीचं सामान मोजून या,” ते म्हणाले, “पाट्यांचं नंतर बघू.” मला त्या उत्तराचा थोडा रागच आला. आपण दुखणे सांगायला जावे आणि समोरच्याने आपल्याच सवयींची चौकशी करावी, हे कोणाला आवडते?

घरी येऊन मी आधी हे समजून घेण्याचा प्रयत्न केला की स्प्रिंग ‘थकते’ म्हणजे नेमके काय होते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये स्प्रिंगचा नियम अक्षरांची क्रमवारी मोडून कोड्याच्या रूपात छापला, म्हणजे शोध आपला राहावा पण उकल कोणाला मिळू नये. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने स्वतःच उकल सांगितली, की जितका ताण तितके बळ. त्या नियमातला ताण आणि बळ यांचा जो ठरलेला भाव आहे तो पोलादाच्या स्वभावातून आणि पाट्याच्या मापांतून येतो. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपास असतो, आणि तो पाटा नवा असताना जेवढा असतो तेवढाच २५ वर्षांनंतरही असतो. वय झाल्याने पोलाद मऊ पडत नाही. मग गाडी का बसते? कारण पाटा सतत मोठ्या ताणाखाली राहिला, वारंवार मर्यादेच्या जवळ वाकला, की धातूच्या आत अतिसूक्ष्म सरकणी होत राहतात आणि त्याचा मूळ आकारच थोडा थोडा बदलतो. त्याच्यावरून वजन काढले तर तो पूर्वीइतक्या उंच कमानीला परत जात नाही. आपला भाव तो तसाच राखतो. मोजणी सुरू करण्याची त्याची जागा तेवढी खाली गेलेली असते.

पाटे खरोखर कमजोर होतच नाहीत असे मात्र नाही. गंजाने जाडी कमी होते, आणि पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. ७ मिलिमीटरचा पाटा गंजून साडेसहाचा झाला तर त्याचा पाचवा हिस्सा ताठरपणा गेला असे समजावे. संचातला एखादा पाटा मोडलेला असला तरी तेच. तेव्हा माझे पाटे कमजोर झाले आहेत की नुसते बसले आहेत, हे ठरवायला अंदाज उपयोगाचा नव्हता.

प्रयोग सोपा निघाला. कागदावर प्रत्येक संचाचा ताठरपणा ३५ न्यूटन प्रति मिलिमीटर दिला होता, म्हणजे दोन्ही मिळून ७०. तेव्हा बरोबर अ‍ॅक्सलच्या वर १०० किलो, म्हणजे सुमारे ९८० न्यूटन, ठेवले तर गाडी १४ मिलिमीटर खाली जायला हवी. मी वाळूच्या पिशव्या मोजून भरल्या आणि एकेक चढवत गेलो. चढवताना १३ मिलिमीटर आले, उतरवताना १५. मधला फरक पाट्यांच्या घर्षणाचा. सरासरी अगदी १४. इतके नीटनेटके उत्तर आल्यावर मला थोडे ओशाळल्यासारखे झाले. ज्या पाट्यांना मी वर्षभर थकलेले म्हणत होतो ते दर १०० किलोला पहिल्या दिवसाइतकेच वाकत होते.

आता नेहमीच्या सामानाची पाळी होती. गाडी वजनकाट्यावर नेली, आधी फक्त पुढची चाके चढवून, मग फक्त मागची. नंतर आतले-बाहेरचे सगळे ‘काही विशेष नाही’ काढून पुन्हा नेली. मागच्या अ‍ॅक्सलवरचा फरक २०० किलो होता. मला तो आकडा चुकीचा वाटला, कारण मी उतरवलेल्या वस्तूंची बेरीज १६० किलोच होत होती. काट्यात दोष आहे असे म्हणत मी पुढच्या अ‍ॅक्सलचा आकडा पाहिला, आणि तिथे उत्तर होते: सामान उतरवल्यावर पुढचे वजन ४० किलोने वाढले होते.

ही तरफेची गोष्ट आहे आणि ती मी शाळेत शिकलो होतो. १६० किलोंपैकी ६० किलो अ‍ॅक्सलच्या वर होते. ते जेवढ्यास तेवढे. पण जड पोलादी बम्पर, त्यावर टांगलेले जादा चाक आणि मागे बांधलेले पाण्याचे कॅन मिळून १०० किलो अ‍ॅक्सलच्या सुमारे एक मीटर मागे लटकत होते. चाकांमधले अंतर अडीच मीटर. तेव्हा ते १०० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर १४० किलो होऊन बसत होते, आणि वरचे ४० पुढच्या अ‍ॅक्सलवरून उचलून आणत होते. चढावर स्टेअरिंग हलके का वाटते, ओल्या मातीत पुढची चाके वळताना का घसरतात, याचे कारण मी आजवर टायरमध्ये शोधत होतो.

मोकळ्या गाडीची उंची मोजली: डावीकडे ५३७, उजवीकडे ५४३, सरासरी ५४०. दोनशे किलोला ७० च्या भावाने २८ मिलिमीटर होतात आणि गाडी बरोबर २८ वर आली होती. अपेक्षित ५५५ ला अजून १५ कमी होते. तेवढे पाटे खरोखर बसले होते. म्हणजे ४३ मिलिमीटरपैकी २८ माझे आणि १५ पाट्यांचे. आणि ते १५ सुद्धा पूर्णपणे त्यांचे म्हणवत नाहीत, कारण संच ज्या वजनासाठी बनवला होता त्याच्या कितीतरी वर मी त्यांना रात्रंदिवस, गाडी उभी असतानाही, ताणून धरले होते.

त्या संध्याकाळी अंगणभर पसरलेल्या त्या १६० किलोंकडे मी बराच वेळ पाहत राहिलो. त्यातली एकही वस्तू मी एका दिवसात घेतली नव्हती. एका प्रवासात जॅक अपुरा पडला म्हणून दुसरा, मोठा जॅक आला आणि पहिला काढला नाही. एकदा चिखलात अडकलो म्हणून फावडे, साखळी आणि दोर आले. एकदा पाणी संपले, तेव्हापासून दोन कॅन भरलेलेच राहिले, आणि ते शेवटचे कधी रिकामे केले होते ते मला आठवेना. पान्यांच्या पेटीत अशा मापांचे पाने होते की ज्या मापाचा एकही नट या गाडीत नाही. प्रत्येक अडचणीने मागे एक वजन सोडले होते, आणि उंच गाडीत जागा भरपूर असल्यामुळे मला ते कधी जाणवले नाही. पाट्यांनी मात्र त्यातला एकूण एक किलो मोजून ठेवला होता.

इथे ब्रेकबद्दल सांगायला हवे, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत ही व्यवस्था असते आणि उचलताना ती विसरली जाते. मागच्या अ‍ॅक्सलपासून एक बारीक दांडी चॅसीवरच्या झडपेकडे जाते. गाडी दबली की झडप समजते की मागे वजन आहे आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. गाडी वर राहिली की समजते की ती रिकामी आहे, आणि दाब कमी करते. उचललेल्या गाडीत ही दांडी तेवढीच हलवून बसवली नाही, तर झडपेला भरलेली गाडीही रिकामी वाटते. माझ्या गाडीत ती हलवलेली होती, पण आता उलटा घोटाळा होता. झडपेला फक्त उंची कळते. माझ्या २८ मिलिमीटरला तिने वजन समजले ते योग्यच होते, पण पाटे बसल्याचे १५ मिलिमीटरही तिने वजनच समजले, आणि त्या नसलेल्या वजनासाठी ती मागच्या चाकांना जास्त दाब देत राहिली. ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडून गाडी तिरकी होण्याचा धोका असाच तयार होतो.

यानंतर उपाय निवडणे तुलनेने सोपे झाले, कारण बहुतेक उपाय आपोआप गळाले. लांब शॅकल लावून उंची मिळते, पण शॅकल जेवढा लांब त्याच्या निम्मीच, आणि त्यात अ‍ॅक्सल आपल्या आसाभोवती थोडा फिरतो. माझ्या गाडीवर जुन्या मालकाने तसे शॅकल आधीच लावलेले निघाले. मूळ मापापेक्षा ५० मिलिमीटर लांब, म्हणजे त्याने उचललेल्या ५० पैकी २५ तर स्प्रिंगचे नव्हतेच. अ‍ॅक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालण्याची पद्धत मागच्या बाजूला चालते, पण ठोकळा जितका उंच तितका अ‍ॅक्सलला जोर देताना पाटे इंग्रजी ‘एस’सारखे पिळायला तरफ मिळते, एकावर एक ठोकळे रचणे तर धोक्याचे आहे. हवेच्या फुग्यांची मला सर्वांत जास्त भुरळ पडली होती, कारण त्यात हवा कमी-जास्त करता येते. पण पाट्याचे वजन चॅसीवर पुढच्या आणि मागच्या अशा दोन टोकांना वाटले जाते, आणि फुगा ते मधल्या एकाच जागी दाबतो. अधूनमधून वजन ओढण्यासाठी तो चांगला आहे. कायमचे वजन त्याच्यावर टाकून खडबडीत रस्त्याने गेलेल्या गाड्यांच्या चॅसी त्या जागी वाकतात.

जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान देणे हा उपाय मला मनापासून आवडला असता. जुनी वस्तू टिकवल्याचे समाधान असते. पण थंड ठोकून दिलेली कमान पुष्कळदा लवकर उतरते, आणि गॅसच्या ज्योतीने तापवून दिलेली कमान पोलादाचे पाणीच उतरवते. पुन्हा नीट उष्णताप्रक्रिया केली तरच त्याला अर्थ आहे. शिवाय माझ्या पाट्यांवर तो चर होता, आणि तो माझ्याच हौसेने कोरला गेला होता.

ज्यांच्या गाडीत मागे कॉइल स्प्रिंग आहेत त्यांचे गणित वेगळ्या आकड्यांनी पण त्याच वळणाने जाते. तिथे तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो. तार दहा टक्के जाड घेतली की स्प्रिंग जवळजवळ ४६ टक्के ताठर होते, त्यामुळे ‘थोडी जाड’ हा शब्द जपून वापरावा. कॉइलच्या डोक्यावर कडे घालून उंची वाढवली तर ताठरपणा अजिबात वाढत नाही, जरी तसे मानणारे पुष्कळ भेटतात. आणि अ‍ॅक्सलला आडवा धरणारा दांडा असेल तर उंची बदलताच अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, हे लक्षात ठेवावे लागते.

शेवटी मी आधी वजन उतरवले आणि मग पाटे मागवले. पाण्याचे कॅन पुढच्या सीटच्या मागे आले आणि प्रवासाखेरीज रिकामे राहू लागले. दुसरा जॅक आणि परक्या मापाचे पाने गेले. बम्पर आणि चाक राहिले, कारण त्यांची मला खरोखर गरज पडते. मागच्या अ‍ॅक्सलवरचे कायमचे जादा वजन २०० वरून १२० किलोवर आले. नवे संच मी तेवढेच वजन सांगून घेतले: प्रत्येकी ४० न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजे जुन्यांपेक्षा थोडेच ताठर, आणि त्याखाली एक मदत पाटा, जो नेहमीच्या वजनाला नुसता पाहत राहतो आणि जास्त भार आला की टेकतो. याहून ताठर संच सहज मिळत होता आणि त्याने गाडी अधिक उंचही दिसली असती. पण स्प्रिंग ताठर केल्याने अ‍ॅक्सल, बेअरिंग किंवा ब्रेक यांची क्षमता वाढत नाही; फक्त गाडी जास्त भरल्याचे डोळ्यांना दिसेनासे होते.

पाटे बदलण्याचे काम एका दिवसाचे आहे, पण त्या दिवसातला निम्मा वेळ गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्री तेल लावून वाट पाहण्यात मोजावा. चॅसी भक्कम स्टँडवर, अ‍ॅक्सल वेगळ्या जॅकवर, आणि पाट्यांवरचा सगळा ताण गेल्याची खात्री झाल्याशिवाय पाटे अ‍ॅक्सलला बांधणारा एकही यू-बोल्ट सोडायचा नाही, कारण ताणलेला पाटा सुटला तर तो कोणाचे ऐकत नाही. ब्रेकची नळी ताणली जात नाही ना हे अ‍ॅक्सल खाली सोडताना सतत पाहावे लागते. जुने यू-बोल्ट परत वापरू नयेत. ते एकदा आवळताना ताणले गेलेले असतात. पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसले नाही तर अ‍ॅक्सल काही मिलिमीटर तिरका बसतो आणि गाडी रस्त्यावर कुत्र्यासारखी तिरपी धावते. हे सगळे मी नीट केले आणि तरी एक चूक करणारच होतो: गाडी अजून स्टँडवर असतानाच पाट्याच्या डोळ्यांतले, म्हणजे टोकांच्या गोल भोकांतले, बोल्ट पूर्ण आवळायला घेतले. त्या भोकांतला रबरी बुश त्या लोंबकळत्या स्थितीत आवळला गेला असता तर गाडी जमिनीवर येताच तो कायमचा पिळलेला राहिला असता आणि वर्षभरात फाटला असता. ते बोल्ट सैल ठेवायचे, चाके जमिनीवर टेकवायची, गाडी हलवून घ्यायची, आणि मगच आवळायचे.

लांब शॅकल काढून मूळ मापाचे लावले, कारण आता लागणारी सगळी उंची पाट्यांकडूनच येत होती. त्यामुळे अ‍ॅक्सलच्या तोंडाचा कोन बदलला. इंजिनाचा जोर मागे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन साधारण सारखे असावे लागतात, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला दोनदा असा थरकाप उठतो. कोनमापीने पाहिले तर दोन अंशांचा फरक होता. तेवढी पोलादी पाचर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये घातली. एका ठरावीक वेगाला जमिनीतून येणारी जी थरथर मी गाडीच्या वयाचा भाग समजून स्वीकारली होती, ती पहिल्याच फेरीत आली नाही. मी तो वेग दोनदा पुन्हा गाठून पाहिला. ब्रेकच्या झडपेची दांडी नव्या उंचीला जुळवली, आणि ती जुळवताना झडपेला आता जे दिसेल ते खरे असेल याचा मला विलक्षण आनंद झाला, जो घरात कोणाला समजावून सांगता आला नाही.

पहिल्या दिवशी उंची ५५६ आणि ५५५ आली. नवे पाटे कारखान्यात एकदा खूप दाबून बसवलेले असतात, तरीही पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ते आणखी थोडे बसतात. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने पाहिले; आठही नट थोडे थोडे फिरले. उंची उजवीकडे ५५१, डावीकडे ५४९. वहीत ती लिहिली, बाजूला तारीख आणि गाडीतल्या वजनाची नोंद लिहिली, आणि वही हातमोजे ठेवतो त्या कप्प्यात ठेवली.

त्याच रात्री बाहेर पडलो तेव्हा रस्ता दिसेना. दिवे लागले होते, काचा स्वच्छ होत्या, पण झोत बॉनेटसमोर थोड्याच अंतरावर जमिनीत शिरत होता आणि त्यापलीकडे काळोख होता. काही क्षण मी विजेत दोष शोधत राहिलो. मग दिव्यांमागचे ते स्क्रू आठवले. परत आलो, गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली, भिंतीवर खडूने रेघ मारली आणि पाहिले, तर झोताची वरची कड रेघेच्या १५ सेंटिमीटर खाली होती. पेचकस घेऊन मी पुढे गेलो आणि माझी पहिली दुरुस्ती अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने उलटी फिरवू लागलो.